फॉरेक्स आपल्यासाठी आहे का, हे मी कसं ठरवलं

माझं काम अकाउंट्सचं. परदेशी सप्लायरांची बिलं माझ्या टेबलावरून जातात, त्यामुळे सकाळी आल्या आल्या डॉलर आणि युरोचा रेट बघायचा ही सवय ट्रेडिंगचा विचार डोक्यात यायच्या कितीतरी आधीपासूनची. रोज बघून बघून असं वाटायला लागतं की अरे आज हा वर जाणार हे मला कळलंच होतं, मग यातून चार पैसे का सुटू नयेत. त्यात कोणी ना कोणी फोनवर ॲप उघडून हिरवे आकडे दाखवत असतंच. मी ठरवलं की पैसे टाकायच्या आधी नीट बघायचं. फॉरेक्समध्ये, म्हणजे देशोदेशींच्या चलनांच्या खरेदी-विक्रीत, पैसा आहे की नाही हा प्रश्नच नव्हता, तो आहेच, माझ्यासारखीला त्यात पडणं परवडेल का एवढंच बघायचं होतं. त्यात काही महिने गेले. ते सगळं सलग लिहितेय, कारण कोणी विचारलं की मी तुकड्यातुकड्यात सांगते आणि नेमकं मधलं महत्त्वाचं राहून जातं.

आधी बाजार समजून घेतला. बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स नावाची संस्था आहे, मध्यवर्ती बँकांची बँक म्हणतात तिला, ती दर ३ वर्षांनी या बाजाराची मोजणी करते. एप्रिल २०२२ च्या मोजणीत रोजची उलाढाल साधारण ७.५ लाख कोटी डॉलर निघाली आणि ८८ टक्के व्यवहारांत एका बाजूला डॉलर होता. हा आकडा जाहिरातवाले फार वापरतात, जगातला सगळ्यात मोठा बाजार, तुम्हीही उतरा वगैरे. मला मात्र तो आकडा वाचून पहिला प्रश्न पडला तो हा की ही उलाढाल करतंय कोण. मोठ्या बँका एकमेकांत करतात, फंड करतात, विमा कंपन्या, आयात-निर्यातवाले, मध्यवर्ती बँका. घरून फोनवर ट्रेड करणारा माणूस त्या बाजारात थेट जातच नाही, त्याचा व्यवहार ब्रोकरशी होतो आणि बऱ्याचदा ब्रोकर स्वतःच समोरची बाजू असतो. म्हणजे तुम्ही युरो घेतला तर तो 'विकणारा' ब्रोकरच, आणि तुमचा तोटा हा त्याचा फायदा. हे लपवलेलं नसतं, करारात असतं बारीक अक्षरात, पण ते वाचलं की मग त्याच ब्रोकरने पाठवलेले 'आज संधी आहे' वाले मेसेज जरा वेगळे दिसायला लागतात.

माझ्या नोकरीमुळे एक गोष्ट मला आधीपासून माहीत होती जी शिकवणाऱ्यांच्या व्हिडिओंमध्ये कुठेच दिसली नाही. ३ महिन्यांनी द्यायचं बिल असेल तर आम्ही बँकेकडे फॉरवर्ड करून रेट बांधून टाकतो. रेट नंतर आमच्या बाजूने गेला तरी हळहळायचं नाही, कारण आम्हाला रेटवर कमवायचं नसतं, आपला खर्च किती होणार हे आज कळायला हवं असतं, बस. म्हणजे इतकी मोठी कंपनी, तिच्याकडे माणसं आहेत, बँकेचे सल्लागार आहेत, तरी ती पैसे मोजून ही जोखीम अंगावरून काढून टाकते. आणि मी माझ्या पगारातले पैसे टाकून तीच जोखीम अंगावर घ्यायला निघाले होते. घ्यायला हरकत नाही, कोणीतरी घेतंच, पण मग त्या बदल्यात मला पैसे का मिळावेत, माझ्याकडे असं काय आहे जे त्या बँकेतल्या डेस्कवर बसलेल्या माणसाकडे नाही? वहीच्या पहिल्या पानावर मी हाच प्रश्न लिहिला होता आणि खूप दिवस त्याखाली काही लिहिता आलं नाही.

शेअरची सवय असलेल्या लोकांनी अजून एक फरक समजून घ्यायला हवा असं मला फार वाटतं. शेअर घेऊन विसरलात आणि कंपनी चांगली निघाली तर ती कमावते, वाढते, डिव्हिडंड देते, वेळ तुमच्या बाजूने असतो. करन्सीची जोडी म्हणजे दोन देशांच्या पैशांचं गुणोत्तर, ते वाढलंच पाहिजे असं काही नाही. युरो १९९९ मध्ये सुरू झाला तेव्हा साधारण १.१८ डॉलरला होता, २००८ च्या जुलैमध्ये १.६० च्या आसपास गेला, २०२२ च्या सप्टेंबरमध्ये १ च्याही खाली. वीसेक वर्षं धरून बसलेल्याला रेटमधून काय मिळालं? इथे एकाला मिळतं ते दुसऱ्याच्या खिशातून जातं आणि मधे ब्रोकर आपला वाटा काढून घेतो, म्हणजे सगळ्यांचा मिळून हिशोब केला तर तो उणेच येणार. तरीही कमावणारे असतात, पण ते नुसतं टिकून राहिल्याने कमवत नाहीत, समोरच्यापेक्षा सरस असल्यामुळे कमावतात.

मग खर्चाचा हिशोब. हे मी सगळ्यात मन लावून केलं कारण हेच माझं काम आहे, आणि खरं सांगते, चार्टचे आकार पाठ करण्यापेक्षा यातून जास्त कळलं. भाव किती हलला ते पिपमध्ये मोजतात, युरो-डॉलरमध्ये १ पिप म्हणजे ०.०००१. सौद्याचा आकार लॉटमध्ये, एक स्टँडर्ड लॉट म्हणजे १ लाख युनिट, मिनी १०,००० चा, मायक्रो १,००० चा. मिनी लॉटमध्ये १ पिप हलला की १ डॉलर इकडचा तिकडे. आता समजा खात्यात १,००० डॉलर आहेत आणि तुम्ही मिनी लॉटने ट्रेड करताय, स्प्रेड १ पिप आहे, म्हणजे घ्यायचा आणि विकायचा भाव यात १ पिपचं अंतर. प्रत्येक ट्रेडला १ डॉलर गेला, कोणालाही किरकोळच वाटेल. पण दिवसाला ५ ट्रेड, महिन्याला २० दिवस, झाले १०० ट्रेड आणि १०० डॉलर. खात्याचे १० टक्के. दर महिन्याला. म्हणजे नुसतं जागच्या जागी राहायलाही तुम्हाला महिन्याला १० टक्के कमवावे लागणार, त्याच्या वर जे येईल ते तुमचं. हा आकडा कागदावर आला तेव्हाच दिवसात अनेक ट्रेड करायची पद्धत माझ्यापुरती बाद झाली, त्यासाठी एकही चार्ट बघावा लागला नाही.

बरं मग ट्रेड कमी करायचे आणि जास्त दिवस धरून ठेवायचे म्हटलं तर स्वॅप येतो. न्यूयॉर्कच्या संध्याकाळी ५ वाजता दिवस बदलतो, तेव्हा तुमचा सौदा उघडा असेल तर दोन करन्सींच्या व्याजदरातल्या फरकाप्रमाणे पैसे कापले जातात किंवा मिळतात, वर ब्रोकर स्वतःचं मार्जिन लावतो त्यामुळे काही जोड्यांत तर घ्या किंवा विका, दोन्हीकडे कापलेच जातात. बहुतेक जोड्यांमध्ये बुधवारी रात्री ३ दिवसांचा स्वॅप एकदम लागतो, कारण सौद्याची पूर्तता २ दिवसांनी धरतात आणि बुधवारनंतर ती तारीख शनिवार-रविवार ओलांडते. डेमोवर, म्हणजे खोट्या पैशांच्या सराव-खात्यावर, पहिल्यांदा बुधवारचा आकडा बघितला तेव्हा वाटलं सिस्टिमचं काहीतरी चुकलंय, मग शोधून काढलं तेव्हा कळलं.

स्वॅप मिळतो त्या बाजूला बसून राहा, बसल्या जागी व्याज, असंही मला एकाने फार आत्मविश्वासाने सांगितलं. म्हणजे येन विका, डॉलर घ्या, दोघांच्या व्याजदरात तेव्हा, २०२४ च्या मध्यापर्यंत, ५ टक्क्यांहून जास्त फरक होता, रोज पैसे जमा व्हायचे. दिसायला खरंच होत होते. २०२४ च्या जुलैच्या सुरुवातीला १ डॉलरला जवळपास १६२ येन मिळत होते, मग जपानच्या मध्यवर्ती बँकेने ३१ जुलैला दर वाढवून ०.२५ टक्के केला, तिकडे अमेरिकेचे रोजगाराचे आकडे कमजोर आले आणि ५ ऑगस्टला भाव १४२ च्या आसपास. म्हणजे महिनाभरात १२ टक्के. दोन वर्षांचं व्याज धुऊन गेलं, आणि हे लिव्हरेज, म्हणजे खात्यातल्या पैशांच्या कितीतरी पट मोठा सौदा, न घेता बरं का.

आता लिव्हरेज. हा शब्द सगळ्यांना माहीत असतो आणि फार कमी लोकांनी तो आकड्यांत मांडून बघितलेला असतो. १:१०० म्हणजे १,००० डॉलरवर १ लाख डॉलरचा सौदा. युरो-डॉलर एका दिवसात अर्धा-एक टक्का सहज हलतो, त्यात बातमी वगैरे काही लागत नाही. १ लाखाचा १ टक्का म्हणजे १,००० डॉलर. झालं, खातं संपलं, आणि तेही तुमचा अंदाज आठवड्याच्या हिशोबाने बरोबर असताना, कारण मधल्या एका दिवशी तो उलटा गेला. युरोपात नियामकांनी ऑगस्ट २०१८ पासून सामान्य ग्राहकांसाठी मोठ्या जोड्यांवर १:३० ची मर्यादा घातली, अमेरिकेत ती १:५० आहे, आणि बाहेरच्या कुठल्यातरी बेटावर नोंदणी केलेले ब्रोकर १:५०० किंवा १:१००० देतात आणि ती सवलत असल्यासारखी जाहिरात करतात. त्याच युरोपीय नियामकाने, एस्मा म्हणतात त्याला, मर्यादा घालताना सांगितलं होतं की वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्यांमध्ये ७४ ते ८९ टक्के सामान्य खाती तोट्यात असतात. तिथल्या ब्रोकरना आपापल्या ग्राहकांची अशी टक्केवारी जाहिरातीवरच छापावी लागते, तुम्ही बघितलीही असेल, आपण ती सिगारेटच्या पाकिटावरच्या चित्रासारखी बघून सोडून देतो. मी मुद्दाम थांबून वाचली. शंभरातले सत्तर-ऐंशी जर तोट्यात असतील तर ते सगळे काही आळशी किंवा मूर्ख नसणार, त्यातले कित्येक माझ्याहून जास्त अभ्यास केलेले असणार, हे मला मनापासून मान्य करावं लागलं आणि त्यानंतर सगळा विचार जास्त शांतपणे झाला.

स्टॉप लॉस, म्हणजे भाव ठरावीक जागेपर्यंत उलटा गेला की सौदा आपोआप बंद करायची ऑर्डर, लावला की तोटा ठरलेलाच, असं सगळे शिकवतात. बहुतेक दिवशी ते खरं असतं. १५ जानेवारी २०१५ ला नव्हतं. स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने सप्टेंबर २०११ पासून १ युरोला १.२० फ्रँक ही खालची मर्यादा धरून ठेवली होती, त्याखाली भाव जाऊ देणार नाही असं जाहीर सांगून. तीन वर्षांहून जास्त काळ लोक त्या भरवशावर १.२० च्या जरा वर युरो घ्यायचे, स्टॉप जरा खाली लावायचे, जोखीम कमी आणि पाठीशी अख्खी मध्यवर्ती बँक. त्या सकाळी बँकेने मर्यादा काढली आणि काही मिनिटांत युरो १ फ्रँकच्याही खाली. मधल्या भावांना घेणारं कोणी नव्हतंच, त्यामुळे १.१९ ला लावलेले स्टॉप कितीतरी खाली जाऊन लागले, काही लोकांची खाती शून्यावर न थांबता उणे झाली, म्हणजे ते उलट ब्रोकरचे देणेकरी झाले. अल्पारी यूके हा ब्रोकर त्यात बुडाला, एफएक्ससीएमला ३० कोटी डॉलरचं कर्ज घेऊन तग धरावा लागला. हे वाचल्यावर मी वहीत एक ओळ घातली, की स्टॉप ही ऑर्डर आहे, हमी नाही, आणि खातं उणे होऊ न देण्याचं संरक्षण आहे की नाही हे ब्रोकर बघताना सगळ्यात आधी बघायचं.

एवढं झाल्यावर डेमो खातं उघडलं. डेमोबद्दल दोन टोकाची मतं ऐकायला मिळतात, एक म्हणजे डेमोवर जमलं की झालं आणि दुसरं म्हणजे डेमो निरुपयोगी, खरे पैसे लावल्याशिवाय काही कळत नाही. माझं मत असं की डेमोने ट्रेडिंग जमतं का ते कळत नाही पण ट्रेडिंगचा दिवस कसा असतो ते चांगलं कळतं, फक्त डेमो खातं तुम्ही खरोखर टाकणार असाल तेवढ्याच रकमेचं उघडा. ॲप आपणहून १ लाख डॉलर देतं, ते घेऊन काही शिकता येत नाही. मी रक्कम बदलून छोटी केली, एका ट्रेडला १ टक्क्याहून जास्त जोखीम नाही हा नियम ठेवला आणि वहीत प्रत्येक ट्रेडच्या आधी लिहायचं असं ठरवलं: का घेतेय, कुठे चुकलं असं मानेन, आणि आत्ता मन कसं आहे. तिसरा रकाना आधी जरा बावळटपणाचा वाटला होता, शेवटी सगळ्यात उपयोगी तोच ठरला. महिन्याअखेरीला पानं चाळली तर 'कंटाळा आलाय' आणि 'आज काहीच झालं नाही' असं लिहिलेल्या ट्रेडचा एकत्र हिशोब तोट्यात होता, आणि उरलेल्यांचा फायद्यात. म्हणजे माझा त्रास लोभ किंवा भीती हा नव्हता ज्याबद्दल सगळे बोलतात. मला नुसतं बसून राहणं जड जातं. या कामात तर बहुतेक वेळ नुसतं बसायचंच असतं, भाव आपल्या जागेवर येईपर्यंत, आणि तो कधीकधी आठवडाभर येत नाही.

अमेरिकेचे रोजगाराचे आकडे साधारणपणे महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी न्यूयॉर्कच्या सकाळी साडेआठला येतात. एकदा ते मुद्दाम काही न करता नुसते बघितले, तुम्हीही एकदा तसे बघा असं सांगेन. आठ-वीसनंतर भाव जवळजवळ थिजतो, एकेक पिप सरकतो. मग घेण्याचा आणि विकण्याचा भाव एकमेकांपासून लांब जायला लागतात, जो स्प्रेड दिवसभर पिपच्या आसपास होता तो फुगत जातो, आकडा यायच्या आधीच. साडेआठला चार्टवरची पहिली मेणबत्ती, म्हणजे ठरावीक वेळेतला भाव दाखवणारी पट्टी, एकदम खाली, बघेपर्यंत अर्धी परत, पुढच्या काही मिनिटांत जिथून निघाला त्याच्याही वर. खाली विकणाऱ्याचा स्टॉप उडाला, वर घेणाऱ्यालाही महाग मिळाला, आणि बातमी चांगली होती की वाईट हे अजून टीव्हीवरचे लोक ठरवतच होते. डेमोमध्ये अशा वेळी ऑर्डर मागितलेल्या भावाला मिळून जाते, खऱ्या खात्यात मिळेलच असं नाही, त्यामुळे डेमोवर बातम्यांत कमावलेले पैसे मी हिशोबातून वजा करत गेले.

सलग तोट्यांचंही कागदावर मांडून बघितलं. समजा तुमची पद्धत निम्म्या वेळा बरोबर येते, जी वाईट नाही. १०० ट्रेडमध्ये कुठेतरी सलग ५ तोटे लागण्याची शक्यता ८० टक्क्यांच्या आसपास आहे. ही अपवादाची गोष्ट नाही, हे होणारच असं धरून चाला. प्रत्येक ट्रेडला २ टक्के लावत असाल तर ५ तोट्यांनंतर खातं साधारण ९.६ टक्के खाली, गिळता येतं. १० टक्के लावत असाल तर ४१ टक्के खाली, आणि तिथून परत मूळ जागी यायला ६९ टक्के कमवावे लागतात. दोघांची पद्धत एकच, अक्कल एकच, फक्त ट्रेडचा आकार वेगळा, आणि एकजण खेळात आहे तर दुसरा जवळपास बाहेर. कोणी आपली स्ट्रॅटेजी सांगायला लागलं की मी आता हेच विचारते, एका ट्रेडला किती लावतोस. बहुतेकांना उत्तर देता येत नाही.

वेळेचंही बघावं लागतं. बाजार सोमवार ते शुक्रवार २४ तास चालू असतो हे सोयीचं म्हणून सांगतात, पण सगळे तास सारखे नसतात. लंडन आणि न्यूयॉर्क दोन्ही चालू असतात त्या चार-एक तासांत सगळ्यात जास्त व्यवहार, स्प्रेड कमी, भाव हलता. बाकी वेळी बऱ्याच जोड्या नुसत्या रेंगाळतात. तुम्ही जगात जिथे असाल तिथल्या घड्याळाप्रमाणे ते तास कधी येतात ते बघा, आणि त्या तासांत तुम्ही ऑफिसात आहात, मुलांचा अभ्यास घेताय की झोपलेल्या आहात हेही बघा. माझ्या बाबतीत ते नेमके घरातल्या सगळ्यात गडबडीच्या वेळेवर पडत होते. एक उपाय म्हणजे रोजचा चार्ट, दिवसातून एकदा बघायचा, ऑर्डर लावायची आणि उठायचं. डेमोचे शेवटचे महिने मी तसंच केलं आणि ते बरं चाललं. पण रात्री सौदा उघडा असताना मी फोन उशाशी घेऊन झोपते हे नवऱ्याच्या लक्षात आलं, माझ्या नाही.

पैशाची गोष्टही त्याच्याशीच बोलून ठरली. मी म्हणाले, एवढे टाकायचे म्हणतेय. तो म्हणाला, "ते गेले असं आजच समज. आता सांग, पुढच्या वर्षभरात काय अडेल आपलं?" आम्ही दोघं यादी करायला बसलो. अडीअडचणीचे पैसे बाजूला आहेत का, तर आहेत. कर्जाचे हप्ते? चालू आहेत, आणि त्यावर जे व्याज जातं ते आधी फेडलं तर तेवढी बचत ठरलेली आहे, कुठल्याही ट्रेडशिवाय. हे त्याने बोलून दाखवलं आणि मला त्यावर उत्तर नव्हतं. कर्ज काढून किंवा क्रेडिट कार्डावर यात पैसे टाकणाऱ्यांना मी हात जोडून सांगेन की नका करू, पद्धत कितीही चांगली असली तरी नका करू, व्याजाचं दडपण घेऊन कोणालाच नीट थांबता येत नाही.

ब्रोकरबद्दल थोडक्यात. आधी आपल्या देशाचा कायदा बघा, कारण बऱ्याच देशांत कुठल्या जोड्यांत आणि कुठल्या मंचावर ट्रेड करता येतं हे ठरलेलं आहे आणि परदेशी ॲपवर पैसे पाठवणं सरळसरळ बेकायदेशीरही असू शकतं. नियामकांच्या आणि मध्यवर्ती बँकांच्या साइटवर परवाने आणि धोक्याच्या याद्या असतात, नाव तिथे स्वतः जाऊन शोधायचं, ब्रोकरने दिलेल्या लिंकवरून नाही. दर महिन्याला ठरावीक परतावा देतो म्हणणारा, तुमचं खातं मी चालवतो म्हणणारा, सिग्नलच्या ग्रुपात घेतो म्हणणारा, यांच्याबद्दल मला जास्त लिहायचंही नाही. माझ्या ओळखीतल्या एकीला अशाच एका ठिकाणी स्क्रीनवर भरपूर फायदा दिसत होता आणि काढायला गेल्यावर आधी 'कर' भरा म्हणून अजून पैसे मागितले. तिने भरले. तेही गेले. फार हुशार बाई आहे ती, त्यामुळे हे फक्त अडाण्यांना होतं असं कोणी समजू नका.

आता निर्णय. माझं डेमो खातं शेवटी फायद्यात होतं. हे मुद्दाम सांगते कारण लोकांना वाटतं तोट्यात गेली म्हणून सोडलं असेल. तर मी असं मांडलं: गेले तरी चालतील असे समजा २,००० डॉलर आहेत. कमी लिव्हरेज, १ टक्का जोखीम, रोजचा चार्ट, आणि वर्षाला २० टक्के सुटले, जे खरं तर फारच चांगलं वर्ष धरलं, तर ४०० डॉलर. वाचन, वही, चार्ट, बातम्या मिळून रोज दीड तास, आठवड्याचे ५ दिवस, वर्षाचे ५० आठवडे, म्हणजे ३७५ तास. तासाला १ डॉलरच्या जरा वर, आणि तोट्याच्या वर्षी उलट मीच पैसे देऊन काम केलं असं होणार. हा आकडा मोठा करायचे दोनच मार्ग होते, भांडवल वाढवायचं, जे माझ्याकडे नाही, किंवा लिव्हरेज वाढवायचं, आणि त्याचं काय होतं ते वर सलग तोट्यांच्या हिशोबात आलंच आहे. मला वाटतं लहान खात्यावर लोक अति जोखीम घेतात ते लोभामुळे कमी आणि या भागाकारामुळे जास्त, कमी जोखमीत मिळणारा पैसा इतका थोडा असतो की तो कमवण्यात मनच लागत नाही. वहीच्या पहिल्या पानावरच्या प्रश्नाखालीही तेव्हाच लिहिता आलं: माझ्याकडे वेगळं असं काही नाही, आणि ते तयार करायला जेवढा वेळ लागेल तो मला इथे घालवायचा नाही. म्हणून नाही म्हटलं. ते पैसे कर्जात भरले.

सगळ्यांसाठी उत्तर नाहीच येईल असं अजिबात नाही. माझ्या एका मैत्रिणीने हाच हिशोब माझ्या वहीवरून केला आणि तिचं हो आलं. तिच्यावर कर्ज नाही, संख्याशास्त्र शिकलेली आहे, आणि तिला मुळात यातून उत्पन्न नकोय, तिला स्वतःची पद्धत जुन्या आकड्यांवर तपासत बसण्यात खरा रस आहे, ती हे तसंही करतच राहिली असती. आठवड्यातून एकदोनदा ट्रेड, मायक्रो लॉट, देशातल्या परवान्याचा ब्रोकर, आणि खातं २५ टक्के खाली गेलं की बंद, हे कागदावर लिहून तिने नवऱ्याची सही घेतलीय. परवा तिने हिशोब दाखवला, खातं ६ टक्के तोट्यात आहे, आणि ठरल्याप्रमाणे ती चालू ठेवतेय.